घेतलेलं बळ परत करताना

पट्टा अजून चालू करू नका. हातात घ्या, उलगडा आणि आधी नुसता पाहा. वीतभर रुंदीचं मऊ कापड. आत कार्बनच्या धाग्यांची नागमोडी ओळ शिवलेली आहे. बोट फिरवलं तर ती कापडाखाली लागते. दोन्ही टोकांना वेल्क्रो, कडेला एक बटण आणि मोबाईलच्या चार्जरला असते तशी वायर. पॉवर बँकेवर हा तापतो, म्हणून प्रवासात नेता येतो, दुकानाच्या गादीवर बसून बांधता येतो, वीज गेली तरी अडत नाही. खोक्यावर ‘इन्फ्रारेड’ असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. त्याकडे येऊच, पण सावकाश.

पुढचा अर्धा तास मोकळा काढा. घरात तसं सांगून ठेवा. फोन दुसऱ्या खोलीत राहू द्या. जमिनीवर सतरंजी आणि तिच्यावर जाडसर चादर घाला, पाठीवर पडा, गुडघ्यांखाली उशी घ्या. कमरेची कमान आपोआप सैल पडेल. ज्यांना जमिनीवर उतरणं जड जातं त्यांनी पाठ टेकेल अशा खुर्चीत बसावं. घाईनं काहीच करायचं नाही.

आता दुखतंय कुठे ते शोधा. ‘कंबर दुखते’ एवढं म्हणून आपण मोकळे होतो, पण दुखणं तेवढ्यावर थांबलेलं नसतं. पंजा पाठीमागे न्या. मणक्यांच्या दोन्ही बाजूंना मानेपासून माकडहाडापर्यंत स्नायूंचे दोन लांब खांब आहेत. अंगठ्यानं हलकेच दाबत खाली या. एखाद्या ठिकाणी बोट थबकेल. तिथं मांस आखडलेलं, दोरीच्या गाठीगत लागेल. उसण भरली असेल तर दाबताक्षणी श्वास अडकेल. नुसती पाठ भरून आली असेल तर दाबल्यावर उलट बरं वाटेल. खांदे जड झालेत का? पोटरीत गोळा येऊन गेल्यावर राहतो तसा दुखरेपणा आहे का? पायातून खाली कळ उतरते का, मुंग्या येतात का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर पट्टा बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना पाठ दाखवा. बाकीच्यांनी तो अंगठा जिथे थबकला तिथे क्षणभर तसाच ठेवावा. दुखऱ्या जागेची ही पहिली चौकशी आहे, आणि बहुतेकदा दिवसभरातली एकमेव.

श्वास मुद्दाम लांबवू नका. तो जसा येतो तसा येऊ द्या.

आता आठवा, सकाळपासून या पाठीनं काय काय उचललं. भरलेली बादली. शाळेचं दप्तर, जे मुलानं फाटकापर्यंत नेलं आणि तिथून पुढे तुम्ही. मेन स्टँडवर चढवलेली स्कूटर. ओट्याशी उभं राहून लाटलेल्या पोळ्या. उज्जैनमध्ये राहत असाल तर पाहुणे येतातच, आणि पाहुण्यांना महाकालाला न्यावं लागतंच. भस्म आरती पहाटे ४ च्या सुमारास होते, म्हणजे रांग मध्यरात्रीनंतरच धरावी लागते. माळव्याचं पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे. जानेवारीत रात्रीचं तापमान सहज १० अंशांच्या खाली उतरतं. अनवाणी पाय, गार फरशी, कडेवर पेंगुळलेलं पोर. दर्शन होतं, मन भरतं, आणि पोटऱ्या दुसऱ्या दिवशी बोलू लागतात. दुसऱ्या दिवशीच का, तर सवय नसलेल्या श्रमानं स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते आणि तिचा ठणका चढायला दिवसभर लागतो. पुढचे दोन-तीन दिवस तो राहतो. ‘लॅक्टिक ॲसिड साठलं’ असं आपण म्हणतो, पण ते श्रम थांबल्यावर तासाभरात निघून गेलेलं असतं. हा ठणका दुरुस्तीचा आहे. पाठ रुसलेली नाही, ती कामात आहे. एवढं ध्यानात घेऊन तिच्याकडे पुन्हा एकदा लक्ष द्या.

पट्टा अजून बंदच राहू द्या. त्याच्याआधी एका देवळात जाऊन येऊ.

उज्जैनच्या पटनी बाजारात नागचंद्रेश्वराचं देऊळ आहे. महाकालाच्या वरच्या मजल्यावरचं, फक्त नागपंचमीला उघडणारं, ते वेगळं, हे बाजारातलं. पंचक्रोशी यात्रा इथून निघते. उत्तरेकडच्या पंचांगानं वैशाख वद्य दशमी ते अमावास्या; आपल्या मराठी घरांतल्या पंचांगात तेव्हा चैत्र वद्य चाललेला असतो. ११८ किलोमीटरची वाट, पाच दिवस, आणि महिना एप्रिल-मेचा. पिंगलेश्वर, कायावरोहणेश्वर, बिल्वकेश्वर, दुर्दुरेश्वर या चार दिशांच्या चार द्वारपालांना भेटत माणसं चालतात. तरणी कमी, वयस्क जास्त, त्यातही खेड्यांतल्या बाया जास्त. डोक्यावर शिधासामग्रीचं गाठोडं, त्यात पीठ, डाळ, एक पातेलं, एक पांघरूण. निघण्याआधी हे सगळे नागचंद्रेश्वराकडे बळ मागून घेतात, घोड्याचं बळ. आणि पाच दिवसांनी परत आले की त्याच देवळात मातीचा घोडा वाहतात. घेतलेलं बळ परत करतात.

शरीराच्या श्रमांविषयी इतकी शहाणी प्रथा मला दुसरी माहीत नाही. बळ आपलं नव्हे. कामापुरतं घ्यायचं आणि काम संपलं की आठवणीनं देऊन टाकायचं. परत न करता दुसऱ्या दिवशी पुन्हा उचल घेत राहिलं की काय होतं, ते आपल्या पाठी सांगतातच.

मुक्कामावर संध्याकाळी गोवऱ्या पेटतात, बाफले भाजले जातात. जेवणं झाली, निखाऱ्यांवर राख धरली, की एखादी म्हातारी तिथंच बसून राहते. लुगड्याच्या फडक्याची चौघडी करते, निखाऱ्यांवर दोन्ही हातांनी ताणून धरते, फडकं तापलं की आधी स्वतःच्या गालाला लावून पाहते, आणि मग गुडघ्यावर ठेवून वर पंजा दाबून धरते. फडकं निवलं की पुन्हा निखाऱ्यावर. तिला घाई नसते. दिवसभर ४० अंशांच्या उन्हात चाललेल्या बाईला रात्री पुन्हा ऊब कशाला हवी, असं वाटेल. पण उन्हानं सगळ्या अंगावर झोडपलेलं असतं. ही ऊब तिनं निवडलेली, मोजकी, आणि जिथे हवी नेमकी तिथेच ठेवलेली असते. आणि ती घ्यायला तिला चालणं थांबवावं लागतं.

आता पट्टा चालू करा. सगळ्यात कमी उष्णतेवर. कमरेच्या आणि पट्ट्याच्या मध्ये एक सुती फडकं घ्या, उघड्या कातडीला पट्टा लावू नका. वेल्क्रो सैलसर बांधा. पडून शेक घेणाऱ्यांनी पट्टा अंगाखाली दाबून टाकू नये, कुशीवर वळावं, दोन गुडघ्यांमध्ये उशी धरावी आणि पट्टा पाठीवरून नुसता टेकू द्यावा. अंगाखाली अडकलेली उष्णता जागेवरच साचत जाते आणि कळेपर्यंत कातडी लाल होते.

पहिली दोन मिनिटं काहीच जाणवत नाही. या दोन मिनिटांत बटण वाढवण्याचा मोह होतो. थांबा.

मग कापड कोमट होतं. मग कातडी. तिचं नेहमीचं तापमान ३३ अंशांच्या आसपास असतं, शरीराच्या आतल्या ३७ पेक्षा कमी. कातडीत मज्जातंतूंची बारीक टोकं आहेत आणि त्यांत उष्णतेनं उघडणाऱ्या कवाड्या आहेत. काही उबेला उघडतात, तर एक ४३ अंशांच्या वर उघडते आणि ‘भाजतंय’ असं कळवते. हीच कवाडी मिरचीनंही उघडते. ठेच्यानं जीभ ‘भाजते’ ती त्यामुळेच. मिरचीतल्या कॅप्सायसिनच्या मागावर असताना डेव्हिड ज्युलियस यांना ही कवाडी १९९७ साली सापडली, आणि २०२१ चं नोबेल त्यांना व आर्डेम पटापुटियन यांना मिळालं. आपल्याला आज तिच्या उंबरठ्याच्या अलीकडे राहायचं आहे. ‘सोसेल तितकं गरम’ ही शेकाची रीत चुकीची आहे. सोसावं लागतं तिथे स्नायू आणखी आखडतो. ‘बरं वाटतंय’ इथेच थांबायचं.

ऊब आता कुठवर पोचलीय ते पाहा. कातडीवर आहे. थोड्या वेळानं ती कडांनी पसरू लागेल, पट्ट्याच्या बाहेरही. तिच्या मागे मागे लक्ष जाऊ द्या.

आता त्या खोक्यावरच्या शब्दाकडे वळू. उज्जैनच्या दक्षिण टोकाला, क्षिप्रेच्या काठी, सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेली वेधशाळा आहे. १९२३ साली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी तिची दुरुस्ती करवली. तिथल्या सम्राट यंत्राची सावली पायरीपायरीनं सरकते आणि वेळ सांगते. कर्कवृत्त जवळच असल्यानं जूनच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी शंकूची सावली जवळजवळ नाहीशी होते, आणि ती नसलेली सावली पाहायला माणसं जमतात. मला तिथं उभं राहिलं की विल्यम हर्शेल आठवतात. १७८१ साली युरेनस शोधलेले हे खगोलशास्त्रज्ञ मूळचे वादक. १८०० साली त्यांनी लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग टेबलावर पाडले आणि एकेका रंगात तापमापी ठेवत गेले. जांभळ्याकडून तांबड्याकडे जाताना पारा चढत गेला. मग त्यांनी तापमापी तांबड्याच्याही पलीकडे सरकवली, जिथं डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. पारा तिथं सगळ्यात वर गेला. प्रकाशाची एक जात अशी आहे की ती डोळ्यांना दिसत नाही, पण अंगाला कळते. तोच अवरक्त प्रकाश, तोच हा इन्फ्रारेड. जमिनीपर्यंत पोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेतला सुमारे निम्मा भाग तो असतो.

डोळे मिटून घ्यायचे असतील तर इथे मिटा. आपण जे घेतो आहोत ते तसंही डोळ्यांचं काम नाही.

आणि ही जात दुर्मीळही नाही. जे जे कोमट आहे ते ते अवरक्त किरण टाकतच असतं. पन्नास अंशांचा पट्टा ज्या लांबीच्या लहरी सर्वाधिक टाकतो ती सुमारे ९ मायक्रॉन. ३७ अंशांचं शरीर टाकतं त्यांची लांबी सुमारे ९.३. फरक नावापुरता. चुलीतून काढून फडक्यात गुंडाळलेली वीट, तव्यावर परतलेल्या जाड्या मिठाची पुरचुंडी, बाळंतिणीच्या खाटेखालची शेगडी, एरंडाचं कोमट पान, हिवाळ्यात दिवसभर ऊन पिऊन संध्याकाळी कोमट राहिलेल्या उज्जैनच्या रामघाटाच्या पायऱ्या, सगळ्यांतून निघतो तो हाच प्रकाश. आजीची वीट इन्फ्रारेडच होती. तिच्यावर तसं छापलेलं नव्हतं इतकंच.

म्हणून खोक्यावर ‘किरण तीन इंच खोल जातात’ असं वाचलं तर विश्वास ठेवू नका. या लांबीच्या लहरी पाण्यात लगेच शोषल्या जातात आणि आपली कातडी पाण्यानं भरलेली आहे; मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आतच त्या संपतात. पुढे खोल जाते ती उष्णता, किरण नव्हेत. ती पेशीकडून पेशीकडे सरकते आणि रक्त तिला वाहून नेतं. त्याला वेळ लागतो, आणि तो वेळ कुठल्याही यंत्राला विकत देता येत नाही. वीस मिनिटं म्हणतात ती याच कारणानं.

ही वीस मिनिटं चालू आहेत. कंबर आता कशी आहे?

आत काय घडत असेल? ऊब लागली की बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्ताचा ओघ वाढतो. स्नायूला आखडून धरण्याचे जे निरोप सतत जात असतात ते थोडे मंदावतात. स्नायूभोवतीचे चिवट पडदे जरा लवचीक होतात. शिवाय उबेचा निरोप मज्जारज्जूत पोचला की दुखण्याच्या निरोपाला वाट थोडी कमी मिळते. यातलं काहीच चमत्काराचं नाही. कंबरदुखीवरच्या प्रयोगांचा आढावा कॉक्रेन संस्थेनं २००६ साली घेतला. अंगाला बांधून ठेवायच्या उबेच्या पट्ट्यांनी ताज्या दुखण्यात थोड्या काळापुरता, थोडा आराम पडतो असा त्याचा निष्कर्ष होता. २०१७ साली ‘अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स’ या डॉक्टरांच्या संघटनेनं नव्यानं उद्भवलेल्या कंबरदुखीला गोळ्यांच्या आधी जे उपाय सुचवले त्यांत शेक आहे. थोडा आराम, थोडा काळ. मला हे पुरेसं वाटतं. दुखऱ्या माणसाला ‘थोडा’ म्हणजे काय हे ठाऊक असतं. थोडा वेळ दुखणं हटलं की झोप लागते आणि झोपेत पुढचं काम शरीर स्वतः करतं.

आणखी एक हिशेब मनात घ्या. पॉवर बँकेवर चालणारा पट्टा ५ व्होल्ट आणि २ अँपिअरवर साधारण १० वॉट उष्णता देतो. नुसतं पडून राहिलेलं माणसाचं शरीर ८० वॉटच्या आसपास स्वतः तयार करतं. तुमच्यातली शेगडी या पट्ट्याच्या आठपट आहे. तिच्यावर अंथरूण-पांघरूण घाला, तिला वाऱ्यापासून सांभाळा. पट्टा तिच्या मदतीला आलेला आहे, तिच्या जागी नाही.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला १४ वा अध्याय शेकाला दिलेला आहे. त्यात अग्नीच्या आधारानं घ्यायच्या शेकाचे १३ प्रकार येतात. ‘अश्मघन’ नावाच्या प्रकारात माणसाच्या उंचीची शिळा लाकडं पेटवून तापवतात, निखारे झाडून टाकतात, तिच्यावर गरम पाणी शिंपडतात, लोकरीचं किंवा रेशमाचं वस्त्र अंथरतात, आणि अंगाला तेल लावलेला माणूस त्यावर झोपतो. ही संहिता लिहिली गेली त्या काळी पॉवर बँक सोडली तर आपल्या पट्ट्यातलं सगळं होतं. पण माझं मन त्या अध्यायातल्या दुसऱ्या यादीवर जास्त रेंगाळतं. अग्नीशिवाय अंग तापवणाऱ्या १० गोष्टी तिथं सांगितल्या आहेत: व्यायाम, उबदार घर, जड पांघरूण, भूक, मद्यपान, भीती, राग, पोटीस, झुंज आणि ऊन. पोटीस आणि पांघरूण यांच्याच पंक्तीला भीती आणि राग.

इथे थांबू या. आज या पाठीत जी उष्णता आधीच साठली आहे ती कुठली? कामाची, की कुणाला काही बोलता आलं नाही त्याची? परवाच्या फोननंतर खांदे कानांकडे चढले, ते उतरले का? दात अजून एकमेकांवर दाबलेले आहेत का? जबडा सोडा. जीभ टाळूपासून सुटू द्या. खांद्यांना उतरायला सांगू नका, ते वर आहेत एवढं फक्त ओळखा. ओळखल्यावर बहुतेक वेळा ते आपणहून खाली येतात, आणि नाहीच आले तर आज राहू देत. राग गिळून आखडलेली पाठ आणि बादली उचलून आखडलेली पाठ, शेकाला दोन्ही सारख्याच. तुम्हाला मात्र त्या वेगळ्या कळायला हव्यात. बादलीची पाठ उद्या सुटेल. दुसरीला पट्ट्याखेरीज आणखी काही द्यावं लागेल, कदाचित एक बोलणं, जे बरेच दिवस राहून गेलं आहे. त्याची तजवीज आज करायची नाही. आज नुसती नोंद.

श्वास बाहेर जाताना पट्ट्याखालची जागा किंचित दबते, आत येताना फुगते. तेवढंच पाहत राहा. ऊब वाढत नाहीये असं वाटेल. खरं तर शरीर तिला सरावलं आहे. म्हणून बटण वाढवू नका.

सरावलेलं शरीर धोका ओळखत नाही, म्हणून हे स्पष्ट सांगतो. ४४ अंशांची, अगदी सोसवेल अशी उष्णताही कातडीला सहा तास लागून राहिली तर भाजतं; मॉरिट्झ आणि हेन्रिक्स यांनी ते १९४७ साली दाखवून दिलं. तेव्हा पट्टा बांधून झोपी जाऊ नये. पट्टा आपोआप बंद होणारा असेल तोच घ्यावा. रोज रोज एकाच जागी ऊब लागत राहिली तर कातडीवर तांबूस-काळी जाळी उमटते. काश्मिरात फेरनच्या आत कांगडी धरणाऱ्यांच्या पोटा-मांड्यांवर ती दिसते आणि त्यातून क्वचित कर्करोगही होतो. मधुमेहानं पायांची जाणीव कमी झालेल्यांनी पायांना हा पट्टा लावूच नये. चरकांनीही ज्यांना शेक देऊ नये त्यांत मधुमेही आणि गर्भवती यांना घातलं आहे. मुका मार ताजा असेल, सूज असेल, तर पहिले दोन दिवस शेक नको. पोटरी एकाच पायाची सुजून गरम लागत असेल तर शेक तर नकोच, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. झणझणीत मलम चोळून वर पट्टा बांधू नये. तान्ह्या मुलांना आणि स्वतः पट्टा काढू न शकणाऱ्या आजाऱ्याला एकटं ठेवून तो बांधू नये.

वेळ होत आली. थांबायचं कधी, याचं चरकांनी दिलेलं माप घड्याळाचं नाही: थंडी आणि ठणका ओसरला, ताठरपणा आणि जडपणा गेला, अंगात मऊपणा आला की शेक पुरे. आपल्या पाठीला हे माप लावून पाहा. अंगठा पुन्हा त्या गाठीवर न्या. ती नाहीशी झालेली नसेल. पण अंगठा आता थोडा आत जातो का?

पट्टा बंद करा. लगेच उठू नका. ऊब गेल्यानंतरची पाच मिनिटं मला शेकाइतकीच मोलाची वाटतात. आत पोचलेली उष्णता अजून काम करत असते आणि आखडायला स्नायूला काही कारण नसतं. पुन्हा पाठीवर वळा, एक गुडघा छातीकडे घ्या, दोन्ही हातांनी हलका धरा, सोडा. मग दुसरा. कमरेला ओढ बसेल इतकंच, कळ येईल इतकं नाही. कुशीवर वळा, हातानं जमिनीला रेटा देऊन उठा. दोन घोट पाणी प्या.

आणि आता मुद्द्याची गोष्ट. हा पट्टा खिशात मावतो, हाच त्याचा गुण आणि हीच त्याची ओढ. कपड्याखाली बांधून गल्ल्यावर बसता येतं, ओट्याशी उभं राहता येतं, बसमध्ये तासन्‌तास जाता येतं. अडीनडीला बांधावा, लांबच्या प्रवासात तर जरूर बांधावा. पण रोज असाच बांधला तर तो बळ परत करण्याचं साधन राहत नाही, आणखी उचल घेण्याचं होतं. विटेला एक सोय होती की ती घेऊन चालता येत नसे. पंचक्रोशीतली म्हातारीही फडकं तापवताना चालत नव्हती. पट्टा जरूर घ्या. त्याच्यासोबत पडून राहण्याची वीस मिनिटंही घ्या. नुसता पट्टा घेतलात तर अर्धंच औषध घेतलंत.

२०२८ साली उज्जैनला सिंहस्थ आहे. आपल्याकडे पाहुणे येतील, रांगा लागतील, घरोघरी पहाटेपासून रात्रीपर्यंत चहा उकळेल, आणि ज्यांच्या पाठीवर हे सगळं उभं राहील त्या पाठी आपल्या घरातच आहेत. त्यासाठी तेव्हापर्यंत थांबायला नको. आज रात्री स्वयंपाकघरातला दिवा सगळ्यांत शेवटी जी व्यक्ती मालवते, तिच्या कमरेला हा पट्टा बांधा, तिला वीस मिनिटं आडवं व्हायला लावा, आणि तेवढ्या वेळात उरलेली भांडी तुम्ही घासा.